मे महिन्यातल्या दुपारी तीनला राहण्याजोगं घर: विदर्भ-मराठवाड्यात बांधकाम काढणाऱ्यांसाठी

घराचा नकाशा काढायला बसलं की बहुतेक कुटुंबं खोल्या मोजू लागतात. दोन बेडरूम की तीन, हॉल केवढा, पार्किंग कुठे, आणि समोरून घर कसं दिसेल. आपल्या भागात त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: मे महिन्यात दुपारी तीन वाजता या घरात कोण असेल आणि कुठे बसलेलं असेल?

उत्तर जवळपास सगळीकडे सारखंच येतं. आजी-आजोबा असतात, सुट्टीतली मुलं असतात, आणि जेवणाची आवराआवर करून संध्याकाळच्या तयारीला लागणारी घरातली बाई असते. नकाशावर सही करणारा कमावता माणूस त्या वेळी बहुधा ऑफिसात किंवा दुकानात असतो. जो दुपारी घरात नसतो त्याच्या आवडीनुसार घर बांधलं जातं, आणि जे दिवसभर घरात असतात ते भट्टीत बसतात. हे बदलता येतं, आणि त्यासाठी फार जास्त पैसा लागत नाही. तो कुठे आणि कोणत्या क्रमाने खर्च करायचा, एवढं कळायला हवं.

हा लेख नागपूर, अमरावती, अकोला, यवतमाळ, नांदेड, परभणी, लातूर, बीड या कोरड्या उन्हाळ्याच्या पट्ट्यासाठी आहे. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. बेचाळीस-त्रेचाळीस अंश तर इथे मे महिन्यात नेहमीचेच. कोकणात किंवा गोव्यात हवा दमट असते, तिथलं गणित वेगळं.

आधी सूर्य, मग नकाशा

प्लॉटवर जाऊन होकायंत्राने दिशा तपासा. मोबाइलमधलं चालेल, पण गाडी आणि लोखंडी सळयांपासून लांब उभं राहून बघा. लेआउटच्या कागदावरचा उत्तरेचा बाण कधीकधी ढोबळ असतो, आणि दहा-पंधरा अंशांच्या फरकाने पश्चिमेचं ऊन भलत्याच खोलीत येतं.

नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. तिथे २६ मेच्या सुमारास सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायातच पडते. आपल्या घरांत ज्याला नवतपा म्हणतात, ते कडक उन्हाचे नऊ दिवस याच सुमारास लागतात. मराठवाड्यात सूर्य त्याआधी काही दिवस डोक्यावर येऊन जातो. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन पडतं ते छतावर. त्याखालोखाल पूर्व आणि पश्चिमेच्या भिंतींवर. दक्षिणेची भिंत, जिला सगळे घाबरतात, तिच्यावर मे महिन्यात फारसं ऊन पडतच नाही. हिवाळ्यात मात्र सूर्य दक्षिणेकडे झुकतो; २१-२२ डिसेंबरला नागपुरात तो दुपारीसुद्धा सुमारे ४५ अंशांवरच असतो. दक्षिणेच्या खिडकीतून थंडीतलं हवंहवंसं ऊन घरात येतं आणि उन्हाळ्यातलं बाहेर राहतं. इतकी गुणी दिशा दुसरी नाही.

म्हणून घराची लांब बाजू उत्तर-दक्षिणेला तोंड करून आणि आखूड बाजू पूर्व-पश्चिमेला, अशी आखणी शक्य असेल तर करावी. तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर दोन्हीकडे शेजारी असताना ती नेहमी जमत नाही. पण दोन घरांमधला बोळ अरुंद असेल तर शेजारच्या घराची सावली तुमच्या भिंतीला मिळते, हेही धरून चला. पश्चिमेला शेजाऱ्याचं दोन मजली घर असणं हे आपल्याकडे नशीबच.

खोल्या कुठे टाकाव्यात

पश्चिमेला अशा जागा द्या जिथे माणूस थोडाच वेळ थांबतो: जिना, संडास-बाथरूम, कोठीची खोली, धुण्याची जागा. या जागा मधे उभ्या राहून मागच्या खोल्यांवर येणारं ऊन झेलतात. बाथरूमलाही याचा फायदा होतो, कारण पावसाळ्यात पश्चिमेच्या उन्हाने ती लवकर सुकते.

उत्तर आणि पूर्वेला दिवसभर वापरायच्या खोल्या घ्या. आजी-आजोबांची खोली तळमजल्यावर ईशान्येला किंवा उत्तरेला असेल तर उत्तम. वर एखादा मजला असेल तर तळमजल्याच्या डोक्यावर थेट ऊन नसतं, आणि जमिनीचा गारवा फरशीतून मिळतो. म्हाताऱ्या माणसांना वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खोलीत टाकणं हा आपल्या नकाशांमधला सर्वांत क्रूर प्रकार आहे, आणि तो केवळ विचार न केल्यामुळे घडतो.

पश्चिममुखी प्लॉट असेल तर समोर खोल ओसरी घ्या, किमान सहा-सात फुटांची. जुन्या वाड्यांत ती काही शोभेसाठी नव्हती. रस्त्यावरून येणारं तापलेलं ऊन ती ओसरीच अंगावर घेत असे.

वास्तुशास्त्र पाळायचं असेल तर त्यातल्या बऱ्याच गोष्टी या मांडणीशी जुळतात: ईशान्य मोकळी, नैऋत्येला जाड भिंती आणि जड सामान, आग्नेयेला स्वयंपाकघर. जिथे जुळत नाही तिथे मी उन्हाचं ऐकतो.

छत: पहिला पैसा इथे

एकच काम करायला पैसे असतील तर ते छताचं करा. मे महिन्यात भर दुपारी गच्चीच्या दर चौरस मीटरवर ९०० ते १००० वॅट ऊन पडतं. पाच इंची काँक्रीटचा स्लॅब ते पिऊन घेतो आणि चार-पाच तासांनी खाली सोडू लागतो. रात्री आठ-नऊला पंखा चालू असूनही वरून झळ का येते, याचं कारण हेच. छताचा तळ आपल्या अंगापेक्षा गरम झालेला असतो, आणि पंखा तिथलीच हवा खाली ढकलतो.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. छतातून किती उष्णता आत येऊ द्यावी याची मर्यादा त्यात आहे: आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमागे जास्तीत जास्त १.२ वॅट. आपला नुसता स्लॅब त्याच्या अडीच-तीन पट उष्णता आत घेतो. संहिता मुख्यतः मोठ्या प्लॉटसाठी आहे, पण लहान घराला तो आकडा वापरायला कुणाची मनाई नाही.

ती मर्यादा गाठायची कशी? स्लॅबच्या वर उष्णतारोधक बोर्ड टाकून. बाजारात एक्सपीएस नावाचे निळे-गुलाबी कडक बोर्ड मिळतात. एक इंच जाडीचा बोर्डही साध्या स्लॅबला मर्यादेच्या आत आणतो. दोन इंच टाकला तर आत येणारी उष्णता त्याच्याही जवळपास निम्मी होते. मी दोन इंचच सांगतो, कारण मजुरी तीच लागते. पांढरा साधा थर्माकोल गच्चीवर वापरू नका; तो दबतो आणि पाणी धरतो.

कामाचा क्रम महत्त्वाचा. स्लॅब नीट मुरला की त्यावर उतार काढायचा, पाणी पाइपकडे जाईल असा. मग वॉटरप्रूफिंग. मग गच्चीत दोन दिवस पाणी कोंडून गळती तपासायची. ही पायरी कुणीही गाळू देऊ नका. त्यानंतर बोर्ड, फटी न ठेवता एकमेकांना खेटून. बोर्डावर जाड प्लास्टिक किंवा जिओटेक्स्टाइल (बांधकामात वापरायचं न कुजणारं कापड), त्यावर जाळी घालून दीड-दोन इंच काँक्रीट, मधेमधे सांधे सोडून. शेवटी पांढरी फरशी किंवा चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. असं केलं की वॉटरप्रूफिंगचा थर बोर्डाखाली सावलीत राहतो, रोजच्या तापण्या-निवण्यातून सुटतो आणि जास्त वर्षं टिकतो. स्लॅबही कमी फुगतो-आकसतो, त्यामुळे भिंत आणि स्लॅबच्या सांध्यावर आडवी चीर जाण्याचं प्रमाण घटतं.

बरेच लोक यापेक्षा खोलीत फॉल्स सीलिंग करून घेतात. थोडा आराम त्यानेही मिळतो, पण स्लॅब वरून तापतच राहतो, चिरा तशाच पडतात, आणि दहा फुटांची खोली नऊ फुटांवर येते. आधीच बांधलेल्या घरात गच्ची आपल्या ताब्यात नसेल तरच हा मार्ग धरावा.

पैसे अगदीच कमी असतील तर चुना. कळीचा चुना रात्रभर भिजवा, गाळा, त्यात फेव्हिकॉल किंवा डिंक मिसळा आणि स्वच्छ झाडलेल्या, ओलसर गच्चीवर झाडूने किंवा ब्रशने दोन-तीन हात द्या. ताजा पांढरा थर पडणाऱ्या उन्हाचा मोठा भाग तसाच परत फेकतो. काम फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये करा आणि उन्हाळाभर महिन्यातून एकदा गच्ची धुवा, कारण धुळीने मळलेला चुना पुन्हा ऊन पिऊ लागतो. पावसात तो निघून जातो, म्हणजे दर वर्षी करावा लागतो. बाजारातला परावर्तक रंग काही वर्षं टिकतो, पण मळतो तोही. पत्र्याच्या घरांना तर चुन्याने सर्वांत जास्त फरक पडतो.

तिसरा मार्ग सावलीचा. गच्चीवर लोखंडी सांगाडा करून त्यावर हिरवी जाळी, किंवा दोडक्याचा-वालाचा वेल, किंवा सोलर पॅनेल. पॅनेल स्लॅबपासून दोन-अडीच फूट वर असले की खालून वारा वाहतो आणि सावलीचा पुरता फायदा मिळतो. वर जाऊन स्वच्छ करायलाही ते सोपं पडतं.

आता माळवदाबद्दल. मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरं आतून गार असत. लाकडी तुळयांवर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर, खाली दोन-अडीच फुटी भिंती. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात तीच माती आणि तेच दगड अंगावर कोसळून हजारो माणसं गेली. भिंतींमध्ये बांध नव्हता आणि डोक्यावर वजन प्रचंड होतं. त्यानंतर त्या भागातले लोक काँक्रीटकडे वळले, यात नवल नाही. म्हणून जुन्या घराचा गारवा हवा असेल तर डोक्यावर मातीचं वजन वाढवू नका. तो गारवा हलक्या बोर्डाने मिळवा, आणि भिंतींमध्ये जोते, लिंटेल (दार-खिडकीच्या माथ्याची पातळी) आणि छत या तिन्ही पातळ्यांवर काँक्रीटचे पट्टे, कोपऱ्यांत उभ्या सळया, हे इंजिनिअरकडून काढून घ्या. गारव्यासाठी मजबुती सोडायची नाही.

भिंती

नऊ इंची विटांची भिंत उन्हाची उष्णता आत पोहोचवायला सात-आठ तास घेते. म्हणून पश्चिमेची भिंत दुपारी चारला तापते आणि रात्री अकरा-बाराला आतून गरम लागते, नेमकं झोपायच्या वेळी. पश्चिमेच्या भिंतीकडे पलंगाची डोकी करू नका, हा फुकटचा उपाय.

नागपूर-चंद्रपूर पट्ट्यात औष्णिक वीज केंद्रांमुळे फ्लाय ॲशच्या, म्हणजे कोळशाच्या राखेच्या, विटा सहज मिळतात. त्या आकाराने एकसारख्या येतात, प्लास्टर कमी लागतं. पण उष्णता अडवण्यात साध्या विटेपेक्षा त्या काही फार सरस नाहीत. विक्रेता 'थंड वीट' म्हणाला तर विश्वास ठेवू नका. उष्णता खरोखर अडवतात ते एएसी ब्लॉक (फुगवून केलेले हलके सिमेंटचे ठोकळे), कारण त्यांच्यात हवेचे बारीक कप्पे असतात. आठ इंची एएसी भिंत नऊ इंची विटांच्या भिंतीच्या निम्म्याहूनही कमी उष्णता आत सोडते.

मग सगळं घर एएसीचं करावं का? दिवसभर एसी चालणार असेल तर हो. पंखा-कूलरवर आणि रात्रीच्या वाऱ्यावर चालणाऱ्या घरात मी पश्चिमेला आणि पूर्वेला एएसी, आणि आतल्या भिंती विटांच्या ठेवतो. आतल्या जड भिंती रात्रीचा गारवा धरून ठेवतात आणि दुपारी तो परत देतात. एएसी वापरताना मिस्त्रीला त्याचा अनुभव हवा: ब्लॉक फार भिजवायचे नाहीत, सांध्याला त्याचंच पातळ चिकट मिश्रण वापरायचं, आणि ब्लॉक व काँक्रीटच्या सांध्यावर प्लास्टरआधी जाळी ठोकायची. नाहीतर दोन उन्हाळ्यांत चिरा.

वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेला 'रॅट ट्रॅप' बांधही चांगला. विटा कडेवर उभ्या लावून मधे पोकळी सोडायची. विटा साधारण पाव हिश्शाने वाचतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. मात्र ज्या गवंड्याने तो कधी केला नाही, तो सवयीने पोकळी मसाल्याने भरून टाकतो. पहिली हातभर भिंत आपल्यासमोर करून घ्यावी.

बाहेरचा रंग फिकट ठेवा. पश्चिमेच्या भिंतीवर गडद राखाडी टेक्श्चर लावायची सध्या हौस आहे. ती हौस आतल्या खोलीला महागात पडते.

खिडकी आणि छज्जा

इथे थोडं गणित करू, कारण छज्ज्याची जादू आकड्यांतच दिसते. चार फूट उंचीची खिडकी आणि तिच्यावर दोन फुटी छज्जा घ्या. खिडकी दक्षिणेला असेल तर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी त्या छज्ज्याची सावली पाच फुटांच्या वर खाली येते. म्हणजे उन्हाळा सुरू व्हायच्या आधीच अख्खी खिडकी सावलीत. डिसेंबरात तीच सावली दोनच फूट येते, म्हणजे अर्ध्या खिडकीतून ऊन आत.

आता तोच छज्जा पश्चिमेच्या खिडकीवर लावा. मे महिन्यात दुपारी साडेचारला सूर्य क्षितिजापासून तीसेक अंशांवर असतो. दोन फुटी छज्ज्याची सावली जेमतेम सव्वा फूट पडते आणि उरलेल्या खिडकीतून ऊन थेट पलंगावर येतं. पश्चिमेला कितीही मोठा छज्जा काढला तरी काम होत नाही. तिथे खिडकी लहान ठेवायची आणि उभी आडोशाची सोय करायची: सिमेंटची किंवा विटांची जाळी, बाहेरून लाकडी झडपा, बांबूची चिक, वाळ्याचा पडदा. हे सगळं काचेच्या बाहेर हवं. आतला पडदा उजेड अडवतो, पण तोपर्यंत उष्णता काचेतून घरात शिरलेली असते.

उत्तरेच्या खिडक्या मोठ्या घ्यायला हरकत नाही, उजेड छान येतो. फक्त जूनच्या आसपास सूर्य उत्तरेकडे सरकून मावळतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीला पश्चिमेच्या बाजूने एक उभी पट्टी काढा.

खिडकी किती मोठी, यापेक्षा ती उघडते किती हे विचारा. दोन पाखांची सरकती ॲल्युमिनियमची खिडकी अर्धीच उघडते. कब्ज्यांची, बाहेर उघडणारी खिडकी जवळपास पूर्ण उघडते. इको निवास संहितेत नागपूरसारख्या ठिकाणी चटई क्षेत्राच्या साडेबारा टक्के तरी उघडणारी जागा सांगितली आहे. दहा बाय बाराच्या खोलीला हा हिशेब लावला तर १५ चौरस फूट हवेत. चार बाय चारची सरकती खिडकी कागदावर १६ चौरस फूट भरते आणि प्रत्यक्षात आठच उघडते. कंत्राटदार सरकत्या खिडक्या सुचवतो, कारण त्या बसवायला सोप्या. तुम्ही कब्ज्यांच्या मागा.

रात्री उघडं, दिवसा बंद

आपल्या कोरड्या हवेची एक मेहेरबानी आहे: उन्हाळ्यात दुपार आणि पहाट यांत बारा ते पंधरा अंशांचा फरक असतो. रात्री अकरापासून सकाळी सातपर्यंत घर उघडं ठेवून भिंती निवू द्यायच्या आणि आठ-नऊच्या आत सगळं बंद करून टाकायचं. जुन्या बायका हे रोज करत. नवतप्यातल्या रात्री पारा तिशीच्या खाली यायला वेळ लागतो, तेव्हा हा उपाय थोडा थकतो. पण मार्च, एप्रिल आणि मेच्या सुरुवातीला तो उत्तम चालतो.

हे जमत नाही त्याची खरी कारणं तीन: चोर, डास आणि शेजारी. रात्री खिडकी उघडी टाकायची भीती वाटत असेल तर ती खिडकी नसल्यासारखीच. म्हणून गज आणि डासांची जाळी यांचा खर्च पहिल्या अंदाजपत्रकातच धरा. शेजाऱ्याच्या खिडकीसमोर आपली खिडकी येऊ देऊ नका, नाहीतर पडदा कायमचा ओढला जातो. तशी जागा असेल तर खिडकीचा तळ पाच फुटांवर घेऊन ती आडवी लांब करा. वारा यायला एक बाजू आणि जायला दुसरी बाजू लागते. एकाच भिंतीत दोन खिडक्या घेऊन वारा खेळत नाही.

गरम हवा वर जाते, तिला वरून वाट द्या. जिन्याच्या टोपीला चारही बाजूंनी झडपा किंवा जाळीच्या खिडक्या ठेवल्या की सगळं घर त्या जिन्यातून श्वास सोडतं. तिथे एक मोठा एक्झॉस्ट पंखा बसवला तर वारा पडलेल्या रात्रीही खालच्या खिडक्यांतून गार हवा ओढली जाते. दिवसा मात्र झडपा लावता आल्या पाहिजेत, आणि त्यासाठी जिन्यावरून हात पोहोचला पाहिजे. शिडी लागणारी खिडकी कुणी उघडत नाही.

छताची उंची साडेदहा फूट पुरेशी आहे. बारा फूट घेण्याचा वाढीव खर्च छताच्या बोर्डात घाला.

स्वयंपाकघर

गॅसची एक शेगडी पूर्ण पेटली की सुमारे दोन किलोवॅट उष्णता सोडते. दोन शेगड्या म्हणजे खोलीत चार हजार वॅटचा हीटर, आणि समोर एक माणूस तासभर उभं. तरी घरात सर्वांत शेवटी पंखा बसतो तो इथे, कारण 'ज्योत विझते'.

पश्चिमेला स्वयंपाकघर नको, ही पहिली अट. शेगडीच्या अगदी वर, भिंतीत उंचावर एक्झॉस्ट किंवा चिमणी हवी, आणि ती हवा बाहेर सोडणारी हवी; आतच गाळून परत सोडणारी चिमणी उष्णता घरातच ठेवते. समोरच्या बाजूने हवा आत यायला खिडकी किंवा दाराच्या खाली फट लागते, नाहीतर एक्झॉस्ट नुसता आवाज करतो. पंखा ओट्याच्या समोर न लावता उभं राहणाऱ्याच्या पाठीकडून, भिंतीवर, बाजूला वळवून लावा. वारा अंगाला लागतो आणि ज्योत शाबूत राहते. कूलरच्या हवेची वाट घरातून स्वयंपाकघराकडे आणि तिथून बाहेर अशी काढली तर गारवा स्वयंपाक करणाऱ्या बाईपर्यंतही पोहोचतो. आणि ओट्याची उंची जी रोज स्वयंपाक करते तिच्या कोपराच्या तीन-चार इंच खाली, तिला उभं करून मोजून घ्या.

बाहेर, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या सावलीत, दुसरी शेगडी ठेवायची छोटी पडवी जमली तर जरूर करा. पापड, कुरडया, लोणच्याची फोडणी, पन्नास माणसांचा स्वयंपाक: हे सगळं उन्हाळ्यातच येतं.

म्हातारी माणसं, झोप आणि गच्ची

आजी-आजोबांच्या खोलीला लागून संडास हवा, दार बाहेर उघडणारं, आणि कुठेही उंबरठा किंवा पायरी नको. बाथरूमचं पाणी अडवायला अर्धा इंचाचा उतरता काठ पुरतो. पलंगावरून हात पोहोचेल तिथे दिवा आणि पंखा दोन्हीचं बटण, आणि संडासच्या भिंतीत धरायला दांडा. दांडा नंतर बसवायचा असला तरी त्या जागी भिंत भरीव ठेवा. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, घामही कमी येतो; उष्माघात त्यांना आधी गाठतो. म्हणून घरात एकच खोली खरोखर गार करता येत असेल, तर ती त्यांची असावी.

गच्चीवर झोपणं आपल्याकडे आजही चालतं. पण कठडा साडेतीन फुटांचा भरीव बांधला की खाली अंथरुणावर वारा लागतच नाही. कठड्याच्या खालच्या दोन फुटांत विटांची जाळी करा. भोकं लहान मुलाचं डोकं अडकणार नाही इतकी लहान, आणि चढायला पायरी मिळणार नाही अशी. पंख्यासाठी एक प्लग, एक नळ, आणि रात्री उठून खाली जाताना दिसेल असा जिन्याचा दिवा.

कूलर, पंखे, एसी, सोलर

यंत्रं आता, शेवटी. मे महिन्यात दुपारची हवा इतकी कोरडी असते की त्रेचाळीस अंशांची हवा चांगल्या कूलरमधून सत्तावीस-अठ्ठावीसला बाहेर येऊ शकते. तेवढ्या खोलीला कूलर दीड-दोनशे वॅटवर चालतो, दीड टनाचा एसी पूर्ण जोरात दीड हजारांच्या आसपास घेतो. कूलरसाठी नकाशातच जागा काढा: खिडकीबाहेर सावलीतला स्टँड, पाण्याचा नळ, जादा पाण्याचा पाइप आणि अर्थिंग असलेला प्लग. ओल्या लोखंडी कूलरचे शॉक दर उन्हाळ्यात जीव घेतात. म्हणून मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे शॉक लागताच वीज तोडणारं बटण, बसवल्याशिवाय वायरिंगचं शेवटचं बिल देऊ नका. आणि कूलर चालू असताना समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. बंद खोलीत तासाभरात हवा ओलसर होते आणि अंग चिकचिकतं. जून उतरला की कूलर बंद. दमट हवेत त्याचा उपयोग नाही.

साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा तीस-पस्तीस. पाच पंखे दिवसाला बारा तास चालले तर रोज सुमारे अडीच युनिट वाचतात. एसी घेणार असाल तर एकाच खोलीत, आणि त्या खोलीच्या दार-खिडक्यांच्या फटी बुजवून. तो चोवीस-सव्वीसवर ठेवून सोबत पंखा लावा.

सोलरचा विचार वीज कमी केल्यावर करा, म्हणजे लहान संच पुरतो. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो आणि साधारण दहा चौरस मीटर जागा घेतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटपर्यंतच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठरलं. गच्चीवरून मीटरपर्यंतचा पाइप बांधकामातच टाकून ठेवा.

झाड आणि काळी माती

पश्चिमेला कडुनिंब किंवा करंज लावा. कडुनिंबाची पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये झडतात आणि एप्रिलपर्यंत नवी पालवी दाट होते, अगदी गरजेच्या वेळी. पण काळ्या मातीत पाया असेल तर झाड जोत्यापासून पंधरा-वीस फूट तरी लांब हवं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि जवळच्या झाडाची मुळं ते आकसणं वाढवतात. तेवढी जागा नसेल तर भिंतीपासून दीड-दोन फुटांवर तारेची चौकट करून मधुमालती किंवा कृष्णकमळ चढवा. कूलरचं सांडपाणी जोत्याजवळ मुरू देऊ नका. एकाच कोपऱ्याची माती ओली राहिली की तो कोपरा उचलतो आणि खिडकीच्या कोनातून तिरकी चीर जाते. जोत्याभोवती बाहेरच्या बाजूला उताराचा तीन फुटी फरसबंद पट्टा करून घ्या.

काम चालू असताना

छताचा बोर्ड, छज्ज्यांची मापं, खिडक्यांचा प्रकार, जाळ्या, एक्झॉस्टची भोकं: हे सगळं नकाशावर आणि करारात लिहून घ्या. तोंडी ठरलेल्या गोष्टी स्लॅब पडेपर्यंत विसरल्या जातात. छज्ज्यांची मापं सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लागल्यावर, काँक्रीट पडायच्या आदल्या दिवशी स्वतः टेपने तपासा.

पैसे आटले तर कात्री लावायचा क्रम असा ठेवा: आधी एलिव्हेशनचं क्लॅडिंग (घराच्या दर्शनी भिंतीवरचं शोभेचं आवरण), मग फॉल्स सीलिंग, मग महागड्या टाइल्स, मग एसी. छताचा बोर्ड, पश्चिमेचा आडोसा, कब्ज्यांच्या खिडक्या आणि डासांची जाळी यांना हात लावू नका.

राहायला गेल्यावर पहिल्या एप्रिलमध्ये दोन-तीनशे रुपयांचा साधा थर्मामीटर घेऊन प्रत्येक खोलीत दुपारी तीनला आणि रात्री दहाला आकडा टिपा, आठवडाभर. जी खोली दुपारी तीनला सर्वांत गरम, तिच्या खिडकीला बाहेरून चिक लावा. जी रात्री दहाला सर्वांत गरम, तिचं छत किंवा पश्चिमेची भिंत तापते आहे. गच्चीवर तेवढ्या भागात चुन्याचा आणखी एक हात द्या आणि दुसऱ्या आठवड्यात आकडे पुन्हा टिपून बघा.